ताजं तेल, जुनं तेल

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातल्या टी ट्रीच्या मळ्यांत झाडं मुळापासून काढत नाहीत, जमिनीलगत छाटतात. खोडाला पुन्हा धुमारे फुटतात आणि साधारण वर्षभरानं तेच झाड कापणीला येतं. पाला आणि कोवळ्या फांद्या यंत्रातून बारीक होऊन मोठ्या पेटीत पडतात. झाकण घट्ट बसवून खालून वाफ सोडली, की पानांतलं तेल वाफेबरोबर निघतं, थंड नळीतून जातं आणि पाण्यावर फिकट पिवळा थर होऊन तरंगतं. कापूर आणि जायफळ यांच्या मधला कुठला तरी उग्र वास त्याला असतो. शंभर किलो पाल्याला तेल मिळतं एक-दोन किलो. पुढचा सगळा विचार या आकड्याशी येऊन थांबतो.

त्वचेच्या दाहावर हे तेल गुणकारी आहे, ही नुसती जाहिरातबाजी नव्हे. 1990 साली ऑस्ट्रेलियात मुरुमांच्या 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री जेल आणि 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. मुरूम दोन्हींनी कमी झाले. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण त्रासही कमी झाला. 2002 साली स्वयंसेवकांच्या हातांवर हिस्टामाइन टोचून गांधी उठवल्या आणि वीस मिनिटांनी त्यांवर निव्वळ तेल लावलं. दहा मिनिटांत गांधीची सूज उतरू लागली, भोवतालची लाली मात्र तशीच राहिली. तेलातल्या टर्पिनेन-4-ऑल या घटकानं पांढऱ्या पेशींमधून दाह वाढवणारे रेणू कमी बाहेर पडतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे गुण खरा आहे, पण मर्यादित.

बाटली उघडी राहिली, ऊन आणि हवा लागली, की तेलातले टर्पिनिन घटक ऑक्सिजनशी संयोग पावतात. पॅरा-सायमीन वाढतं, पेरॉक्साइडं आणि अ‍ॅस्करिडोल तयार होतात. यांतली शेवटची दोन मुख्यतः त्वचेला अ‍ॅलर्जी आणतात. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून अ‍ॅलर्जीची तपासणी करतात, तेव्हा तपासायच्या द्रव्यांत अनेकदा ऑक्सिडाइझ झालेलं टी ट्री तेल असतं, व्हॅसलीनमध्ये 5 टक्के. मुरुमांच्या जेलमध्येही प्रमाण 5 टक्केच होतं. झाड तेच आणि प्रमाणही तेच असताना ताज्या तेलानं मुरूम कमी होतात आणि जुन्यानं काहींना पुरळ उठतं. म्हणून वनस्पती चांगली की वाईट, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. विचारायचं ते या बाटलीतल्या तेलाचं वय आणि तीव्रता.

यावर हमखास म्हटलं जातं, की तिथले बुंदजालंग आदिवासी पिढ्यानपिढ्या हे झाड वापरत आले, त्यांना काही झालं नाही. ते वापरत होते चुरडलेली पानं. शंभर किलोला एक-दोन किलो हा हिशेब मांडला, तर आपण बाटलीतून थेट लावतो तो पन्नास ते शंभर पटींनी दाट झालेला अर्क असतो. त्या परंपरेचा आदर राखूनही तिचा दाखला इथे लागू पडत नाही. दुसरा मुद्दा स्टिरॉइड मलमांचा: त्यांच्यापेक्षा हे तेल बरं, असं म्हणतात. मनाला येईल तशी वर्षानुवर्षं लावली तर त्यांनी त्वचा पातळ होते, ही भीती रास्तच आहे. पण एका औषधाचे दोष दाखवून दुसऱ्याची सुरक्षितता सिद्ध होत नाही. एक्झिमात तर त्वचेचं कवच आधीच भेगाळलेलं असतं, अ‍ॅलर्जी आणणारी द्रव्यं तिथून सहज आत शिरतात. नेमक्या अशाच लालसर, खाजऱ्या जागी लोक निव्वळ तेल चोळतात, तेही खोबरेल चोळावं तितक्या विश्वासानं. खोबरेलाचा थेंब कागदावर डाग ठेवून जातो, टी ट्रीचा उडून जातो. हा उडणारा, त्वचेत झिरपणारा पदार्थ आहे, त्याला औषधाचीच शिस्त हवी: पातळ करून, मोजून, गडद काचेच्या बाटलीत झाकण घट्ट लावून, आणि चेहऱ्याला लावण्याआधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक-दोन दिवस वाट पाहून.