हात हलवला की गेमला कसं कळतं? तीन कंपन्यांची तीन उत्तरं

बटण न दाबता नुसता हात फिरवून टेनिस खेळायचं. निन्टेंडो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट, तिघांनीही हे करून दाखवलं. पद्धत मात्र प्रत्येकाची वेगळी.

वी (२००६): सेन्सर हातातल्या रिमोटमध्ये. ॲक्सेलरोमीटर झटका ओळखतो. पण मनगट नेमकं किती वळलं, हे त्याला नीट कळत नसे. म्हणून २००९ मध्ये जायरोस्कोपची जोड आली.

प्लेस्टेशन मूव्ह (२०१०): हातात सेन्सर, समोर कॅमेराही. रिमोटवरचा चमकता गोळा जितका मोठा दिसेल, तितका हात जवळ.

कायनेक्ट (२०१०): हात रिकामे. कॅमेरा इन्फ्रारेड ठिपक्यांवरून अंतर मोजून अख्खं शरीर ओळखतो. पण टीव्हीसमोर सुमारे ६ फूट मोकळी जागा हवी. शिवाय बटणच नाही, त्यामुळे गेममध्ये साधं पुढे चालणंही अवघड.

मग टिकलं काय? कायनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. जायरोस्कोप मात्र तुमच्या फोनमध्येही असू शकतो. बीजीएमआयमध्ये फोन किंचित तिरका करून नेम साधता, तेव्हा तोच काम करतो: ढोबळ दिशा बोटाने, बारीक दुरुस्ती मनगटाने.

बटण पूर्ण काढलं तिथे हालचाल अडखळली. बटणाच्या सोबतीला आली तिथे टिकली.