लाईट आल्यावर गेम कन्सोल सुरूच होत नाही? दुकानात नेण्याआधी हे करून बघा

पावसाळा सुरू झाला की मला एक प्रश्न हमखास येतो. "लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि आता कन्सोलचा दिवाच लागत नाही. गेला का?" माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: इतक्यात नाही. बऱ्याच वेळा कन्सोल जळालेला नसतो, त्याच्या पॉवर सप्लायने स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवलेलं असतं. आज आपण हे दोन्ही प्रकार वेगळे कसे ओळखायचे ते पाहू.

नेमकं काय होतं?

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. कन्सोलच्या आतल्या भागांना मात्र साधारण १२ व्होल्ट लागतात. हे रूपांतर पॉवर सप्लाय करतो. व्होल्टेज अचानक उसळलं की त्यातलं संरक्षण सप्लाय बंद करतं. झटका मोठा असेल तर फ्यूज उडतो आणि कन्सोलचा महागडा बोर्ड वाचू शकतो.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. मग एका फेजच्या घरातही ४०० व्होल्टच्या आसपास वीज येऊ शकते. बल्ब डोळे दिपतील इतके पेटले, पंखा सुसाट फिरायला लागला, की लगेच मेन स्विच बंद करा आणि वीज तक्रारीसाठी १९१२ ला फोन लावा. अशा वेळी कन्सोल तपासत बसू नका.

आधी वास घ्या

जळाल्याचा वास येतोय? प्लगची पिन काळी पडलीय किंवा वितळलीय? मग पुन्हा वीज देऊन बघायचा मोह टाळा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. तसं काही नसेल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.

पायरी १ : सॉकेट तपासा

त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावा. चार्ज होत नसेल तर एमसीबी पडलाय का बघा. कन्सोल एक्स्टेंशन बोर्डवर असेल तर तो थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावून पाहा. कधीकधी गेलेला असतो फक्त बोर्ड!

पायरी २ : पॉवर सप्लाय रीसेट करा

बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा लागतो.

- एक्सबॉक्स: वायर काढा, १० सेकंद थांबा, परत लावा आणि बटण दाबा. जुन्या एक्सबॉक्स वनला बाहेर विटेसारखा अडॅप्टर असतो. त्याची वायर दोन्ही बाजूंनी काढा. परत लावल्यावर अडॅप्टरचा दिवा लागला नाही, तर दोष बहुधा अडॅप्टरचाच. तो बदलला की काम होऊ शकतं.
- प्लेस्टेशन ४ आणि ५: वायर काढून काही मिनिटं थांबा, मग लावा. सुरू करताना पॉवर बटण दाबून धरा. दुसरी बीप ऐकू आली की सोडा. बीप आली म्हणजे पॉवर सप्लाय जिवंत आहे. स्क्रीनवर सेफ मोड दिसला तर कंट्रोलर केबलने जोडा.
- निन्टेन्डो स्विच: अडॅप्टर दोन्ही बाजूंनी काढून ३० सेकंद थांबा. मग थेट स्विचला लावा, डॉकला नको. पॉवर बटण १२ सेकंद दाबून धरा, सोडा आणि पुन्हा एकदा दाबा. मोबाईलच्या साध्या चार्जरवर डॉक चालत नाही, त्याला १५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. त्यामुळे तशी चाचणी करून "डॉक गेला" असं ठरवू नका.

पायरी ३ : वायर बदलून बघा

प्लेस्टेशन ५, प्लेस्टेशन ४ स्लिम आणि नव्या एक्सबॉक्सना इंग्रजी ८ च्या आकाराची वायर लागते. तशीच वायर अनेक प्रिंटरना असते. घरात किंवा मित्राकडे असेल तर लावून पाहा. खर्च शून्य.

दिवा लागतो, पण टीव्हीवर काही येत नाही?

मग दोष बहुतेक एचडीएमआयच्या बाजूला आहे. वीज कडाडताना झटका केबल किंवा डिशच्या वायरमधून टीव्हीत आणि तिथून कन्सोलमध्ये शिरू शकतो. दुसरी केबल, टीव्हीचा दुसरा पोर्ट आणि जमलं तर दुसरा टीव्ही लावून बघा.

कन्सोल उघडायचा का?

माझं स्पष्ट मत : पॉवर सप्लाय उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. व्हिडिओ बघून हे काम करण्यात जिवाला धोका आहे.

वॉरंटी असेल तर आधी अधिकृत केंद्रात विचारा. मात्र व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत. बाहेर देणार असाल तर तीन गोष्टी बोलून घ्या :

१. फक्त पॉवर सप्लाय गेलाय की मदरबोर्डही? पॉवर सप्लाय वेगळा बदलता येतो आणि बोर्डपेक्षा बराच स्वस्त पडतो.
२. काढलेला जुना पार्ट परत मिळेल का?
३. बोर्ड बदलला तर माझ्या गेमचं काय? प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क त्याच कन्सोलशी बांधलेली असते, दुसऱ्या कन्सोलमध्ये ती वाचता येत नाही.

म्हणून सेव्ह आधीच दुसरीकडे ठेवा. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह फुकट आहे. प्लेस्टेशन ४ चे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येतात. प्लेस्टेशन ५ च्या गेमचे सेव्ह मात्र तसे सुटे पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी पीएस प्लसचं क्लाउड कामी येतं.

पुढच्या वेळेसाठी

साधा एक्स्टेंशन बोर्ड आणि स्पाइक गार्ड एक नव्हे. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका अंगावर घेतो, पण प्रत्येक झटक्याने थोडा झिजतो. त्याचा संरक्षणाचा दिवा विझला की तो बदला. अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. व्होल्टेज बराच वेळ चढं राहत असेल तर स्पाइक गार्ड पुरत नाही, तिथे स्टॅबिलायझर हवा.

आणि एक फुकटचा उपाय : लाईट गेली की कन्सोलचा प्लग काढा. आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, पंखा नीट फिरतोय बघा, मगच लावा. आकाशात गडगडाट असेल तर टीव्हीची केबलही काढून ठेवा.