दुखण्यातून उठताना : चिकुनगुनियानंतरचा थकवा

ताप उतरणे आणि दुखण्यातून उठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक नागपूरला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1963 साली कोलकात्यात आणि 1964 साली मद्रासमध्ये दिसलेल्या चिकुनगुनियाची साथ 1965 साली नागपुरात पसरली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तिचा छडा लावला. 1973 साली बार्शीत साथ येऊन गेली, मग रोग तीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ दिसेनासा झाला. 2005 च्या अखेरीस तो परतला आणि 2006 साली देशभरात 13 लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. 2024 साली नागपूरकरांनी तो पुन्हा अनुभवला.

रोगाचे नाव पूर्व आफ्रिकेतील माकोंदे लोकांच्या भाषेतले, अर्थ ‘वाकवून टाकणारा’. ताप आठवड्याभरात जातो, पण अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात आणि अंगात त्राण राहत नाही. संसर्ग झाला की शरीराची संरक्षक यंत्रणा रसायने सोडून मेंदूला ‘पडून राहा’ असे सांगते. काहींमध्ये ताप गेल्यावरही हा शीण हटत नाही.

याचा सुरेख पुरावा ऑस्ट्रेलियातील डब्बो गावातून मिळाला. तिथे तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या 253 रुग्णांवर लक्ष ठेवले गेले. त्यांतला एक होता रॉस रिव्हर विषाणू, म्हणजे चिकुनगुनियाचा चुलतभाऊच. 2006 साली निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनंतरही सुमारे 12 टक्के रुग्णांचा आजार रेंगाळला होता. जंतू तीन, पण मागे राहिलेला थकवा एकसारखा! आणि तो कोणाला जडेल, हे मनाच्या कमकुवतपणापेक्षा मूळ दुखणे किती जोरदार होते यावरून जास्त कळत होते.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे दुसरे कारण नाही ना, हे पाहणे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 यांच्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात. विदर्भात सिकलसेल आढळतो, म्हणून ती तपासणीही विसरू नये. सांधेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. ताप प्रत्यक्षात डेंग्यूचा असल्यास त्यांतल्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दुसरी पायरी म्हणजे शक्ती पुरवून वापरणे. थोडे बरे वाटले म्हणून घरभर साफसफाई काढली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा अंथरुणाला खिळतो. श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण ज्यांना जाणवते, त्यांनी दमण्याआधीच थांबावे. भाजी बसून चिरावी, स्वयंपाक दोन टप्प्यांत करावा, मध्ये आडवे व्हावे. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2021 साली दीर्घ थकव्याच्या आजारात ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत शिफारशींतून काढून टाकली. ज्यांना अशी घसरण होत नाही, त्यांनी हळूहळू चालणे वाढवावे. सांध्यांसाठी फिजिओथेरपीचा उपयोग होतो.

आणि एक काम घरातल्या धडधाकट माणसाचे. चिकुनगुनिया पसरवणारी एडिस डासाची मादी कूलरच्या टाकीच्या कडेला अंडी घालते आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकी घासायलाच हवी. ती रुग्णाला घासायला लावू नका. ‘ताप तर गेला, आता कसला थकवा?’ असेही त्याला विचारू नका. त्याचा ताप उतरला आहे, तो दुखण्यातून अजून उठायचा आहे.