आधी कार्ड, मग स्ट्रेचर

५ डिसेंबर आला की फुटबॉलचं वेड असलेले आम्ही पिंपरीतले चार-दोन जण एकमेकांना फोन करतो. २००४ साली त्या दिवशी बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची अंतिम लढत होती, गोव्याचा धेंपो विरुद्ध मोहन बागान. आपला दुसरा गोल मारताना धेंपोचा ब्राझिलियन क्रिस्टियानो ज्युनियर आणि बागानचा गोली सुब्रत पाल यांची धडक झाली. क्रिस्टियानो कोसळला तो उठलाच नाही. धेंपो २-० असा जिंकला. पालवर महासंघाने नंतर दोन महिन्यांची बंदी घातली. क्रिस्टियानो उठून चालू लागला असता, तर त्याच धडकेला कुणी काय म्हटलं असतं? फोनवर दरवर्षी याच प्रश्नावर वाद होतो.

नियमाच्या लेखी दुखापत आणि दोष यांची खाती वेगळी आहेत. फाऊल करणाराच जखमी झाला आणि उपचारासाठी बाहेर जाणार असेल, तर तो मैदान सोडण्याआधी रेफ्रीने कार्ड दाखवायचं. ऐकायला निर्दय वाटतं. पण लाल कार्ड न दाखवताच स्ट्रेचर बाहेर गेलं, तर त्याच्या जागी बदली खेळाडू उतरतो आणि गुन्हा करून संघ अकराचा अकराच राहतो.

जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. १९६२ च्या चिलीतल्या वर्ल्ड कपात इटलीच्या फेरिनीला बाहेर काढायला पोलीस लागले. कार्डं आली ती १९७० च्या वर्ल्ड कपला. १९८२ मध्ये जर्मन गोली शूमाकरने फ्रान्सच्या बातिस्तोंला बेशुद्ध पाडलं, दात पाडले, आणि रेफ्रीने दिली गोलकिक.

आमचं दशक म्हणजे २००९ ते २०१९. पुणे एफसी आय-लीगमध्ये आली, बालेवाडीला सामने होऊ लागले. वाकडचा पूल ओलांडला की स्टेडियम. सरावाचं मैदान तर आमच्याच हद्दीत, मामुर्डीला. डेरिक परेरांच्या हाताखाली संघ पहिल्याच मोसमात तिसरा आला, २०१२-१३ मध्ये दुसरा. गोलमध्ये काही काळ तोच सुब्रत पाल. जानेवारी २०११ मध्ये आशिया कपात कोरियन पत्रकारांनी ज्याला ‘स्पायडरमॅन’ म्हटलं, तो तेव्हा आमचा होता!

रेफ्री पाहायला शिकलो ते बालेवाडीलाच. जाणता रेफ्री पडलेल्याच्या तोंडावर कार्ड नाचवत नाही. आधी डॉक्टरला बोलावतो, गर्दी हटवतो, कॅप्टनच्या कानात सांगतो. माणूस सावरला की मग हात वर. गॅलरीतले आमचे विद्वान मात्र रक्त बघून रंग ठरवायचे. जास्त लागलं की लाल, उठून पळाला की ‘नाटकी’.

आमच्याच पिंपरी पट्ट्यातल्या एका कंपनी स्पर्धेत एका खात्याच्या साहेबांनीच शिट्टी घेतली होती. त्यांच्या खात्यातल्या गड्याने दोन्ही पाय उचलून टॅकल मारला आणि स्वतःचाच घोटा मुरगळून घेतला. त्याला खांद्यावरून बाहेर नेलं, टाळ्या वाजल्या, बदली उतरला, सामना ते जिंकले. ‘बिचाऱ्याला आधीच लागलंय, वर कार्ड कशाला?’ असं साहेब म्हणाले. ज्याची नडगी सुजली होती, त्याला कुणी बिचारा म्हटलं नाही. तो चषक त्यांच्या कॅन्टीनमध्ये अजून मिरवतोय.

एक अन्याय तेवढा त्याच दशकात दूर झाला. पूर्वी मार खाल्लेल्याने उपचार घेतले की त्यालाच बाहेर जावं लागे आणि पिवळं कार्ड मिळालेला आत. २०१६ पासून, मारणाऱ्याला कार्ड मिळालं असेल आणि उपचार झटपट उरकले, तर मार खाणाऱ्याला आतच थांबता येतं. पण आता नाटकांवर उपाय म्हणून संशय पुन्हा जखमीवरच. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२३ पासून मैदानात उपचार घेणाऱ्या खेळाडूला तीस सेकंद बाहेर थांबवू लागले, अमेरिकेच्या लीगने २०२४ मध्ये दोन मिनिटं केली. खरोखर लागलेला आणि लोळणारा, दोघांना एकच माप!

पुण्यातले क्लबच पुढे उरले नाहीत. पुणे एफसी गेली, डीएसके शिवाजियन्स गेली. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गुंडाळली आणि तिची लीगमधली जागा हैदराबादला गेली. राहिली ती तासाच्या भाड्याची टर्फं, पिंपळे सौदागरपासून चाकणपर्यंत. शिफ्ट सुटलेली पोरं मध्यरात्रीपर्यंत खेळतात, दिवे, बिब, चेंडू सगळं भाड्यात मिळतं. स्पर्धा भरवणारे बक्षिसाला हजारो रुपये लावतात, डीजेसुद्धा आणतात. रेफ्रीच्या मानधनाचं विचारलं की म्हणतात, ‘काका, ते आपापसात बघून घेतात.’