बचत गटाचे कर्ज : एक नाव, दोन व्यवहार

‘बचत गटाचे कर्ज’ हा शब्दप्रयोग आपल्या खेडोपाडी आता रूढ झाला आहे. मात्र या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न व्यवहार चालतात, आणि त्यांतील भेद अनेक कुटुंबांना हप्ते थकल्यावरच उमगतो. म्हणून तो थोडा विस्ताराने पाहू या.

पहिला व्यवहार खऱ्या अर्थाने बचत गटाचा. दहा ते वीस महिला एकत्र येतात, ठरावीक रक्कम नियमितपणे साठवतात आणि त्यातूनच गरजू सभासदाला कर्ज देतात. समजा, बारा महिलांनी दरमहा शंभर रुपये साठवले, तर सहा महिन्यांत ७,२०० रुपये जमतात. गटाचे कामकाज नीट असेल, तर बँक अशा बचतीच्या चौपटीपर्यंत, म्हणजे २८,८०० रुपयांपर्यंत कर्ज देऊ शकते. रक्कम लहान वाटेल, पण ते कर्ज गटाच्या नावे असते. कोणाला किती द्यायचे आणि व्याज किती घ्यायचे, हे महिलाच ठरवतात. अनेक गट शेकडा दोन रुपये मासिक व्याज आकारतात. हा दर कमी नव्हे. परंतु बँकेचे व्याज चुकते केल्यावर जे उरते, ते गटाच्याच निधीत जमा होते.

या पद्धतीमागे बराच अनुभव आहे. कर्नाटकातील मायराडा या संस्थेने ऐंशीच्या दशकात असे गट घडविले. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला, आणि नोंदणी नसलेल्या गटालाही बचत खाते उघडता येऊ लागले. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि पुढे ‘उमेद’ अभियानाने हे काम गावोगावी नेले. अभियानातील गटांकडून दहा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, तसेच गटाचे बचत खाते अडवून ठेवू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. शाखेत कोणी ‘आधी ठेव ठेवा’ म्हटले, तर हा नियम नम्रपणे दाखवावा.

दुसरा व्यवहार सूक्ष्मवित्त कंपन्यांचा. येथेही महिलांचा गट असतो, पण बचत नसते. कर्ज प्रत्येकीच्या नावे असते आणि एकीचा हप्ता थकला की इतरींवर दबाव येतो. व्याज गावाबाहेर जाते. असे कर्ज सर्वस्वी वाईट, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सावकारापेक्षा ते पुष्कळदा स्वस्त पडते. धोका आहे तो एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीकडून कर्ज काढण्यात. २०१० साली आंध्र प्रदेशात याच चक्राने आणि वसुलीच्या जाचाने एवढे गंभीर रूप घेतले, की तेथील सरकारला अध्यादेश काढावा लागला.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली यासंबंधी नवे नियम केले. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड आकारू नये, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जपत्रक द्यावे, असे त्यात म्हटले आहे. व्याजदरावरील कमाल मर्यादा मात्र या नियमांनी उठवली. त्यामुळे सही करण्यापूर्वी हप्त्याची रक्कम विचारून थांबू नये. वार्षिक दर किती आणि एकूण परतफेड किती, हेही विचारावे.

बँकेचा अधिकारी गटाची पारख करताना प्रामुख्याने वह्या पाहतो : सभेचे इतिवृत्त, बचतीची व कर्जाची नोंद, परतफेडीची तारीख. दुर्दैवाने कित्येक ठिकाणी या वह्या सचिव ताईंच्या यजमानांकडे असतात आणि सभासद केवळ सह्या करतात. लिहिता येणारी एखादी मुलगी मदतीला घ्यावी, परंतु प्रत्येक सभेत मागील हिशोब सर्वांसमोर मोठ्याने वाचून घ्यावा. अक्षरओळख नसलेल्या सभासदालाही आपली शिल्लक तोंडपाठ असते, आणि चूक बहुधा तिलाच आधी कळते.