गाण्यातली जागा आणि गर्दीतली जागा

गवयाने एखाद्या स्वरावर अनपेक्षित मुरड घेतली की आपण मान डोलावून म्हणतो, ‘वा, काय जागा घेतली!’ ऐकणाऱ्यालाही एक जागा घ्यावी लागते, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. कोण लोडाला टेकून बसला, कोण दाराशी उभा राहिला, यावर कोणाच्या कानात काय पडले ते ठरते. क्वचित प्रसंगी तो घरी सुखरूप परतला की नाही, हेही त्यावरच ठरते. या विषयावर लिहिण्यास निमित्त झाले ते निपाणीच्या एका माउलीचे.

तिचा मुलगा माझ्याकडे सहा वर्षे तबला शिकतो आहे. शिक्षणासाठी बेळगावात राहतो आणि रविवारी एस.टी.ने कोल्हापुरास येतो. हात गोड आहे. पण कान हल्ली विजेच्या गिटारीकडे वळलेले. १७ मे २०२५ रोजी मुंबईस महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स एन’ रोझेस’ या अमेरिकन मंडळींचा कार्यक्रम ठरला आणि चिरंजीवांनी तेथे जाण्याचा घाट घातला. आई तडक माझ्या शिकवणीच्या खोलीत आली.

“सर, तुमी तरी सांगा की त्याला. तितं पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत्यात म्हनं. चेंगरलं-बिंगरलं तर? तुमचं ऐकतंय ते. जाऊ नको म्हनून सांगा.”

खरे म्हणजे मी तबल्याचा मास्तर. ‘तो गोंगाट ऐकून तुझा हात बिघडेल’ एवढे म्हटले असते तरी काम भागले असते. पण ते माझ्या तोंडून निघेना. कारण तसा एक गोंगाट मी स्वतः उभा राहून ऐकलेला आहे.

त्यापूर्वी थोडे घरचे सांगितले पाहिजे. माझे वडील कोल्हापूर दरबारच्या अखेरच्या वर्षांत साथीस असत. १९४९ साली संस्थान विलीन झाले, नोकरी संपली, पण गोष्टी शिल्लक राहिल्या. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ, त्यामुळे त्या गोष्टी मला अगदी सावकाश ऐकावयास मिळाल्या. दरबारात बसण्याचा क्रम हुद्द्याप्रमाणे लागे. मोठी माणसे समोर, त्यांच्यामागे कारभारी, आणि साथीदारांची पोरे खांबाआड. त्या खांबाआडून गवयाचा श्वास आणि डग्ग्याची घुमक जशी ऐकू येई, तशी समोरच्या गादीवर येत नसे. वडील म्हणत, “मानाची जागा आणि कानाची जागा एक नसते, बाबा.”

संगीत नाटकाने हा क्रम बदलला. ज्याने तिकीट काढले तो बसला. त्यातही थोड्या पैशांत येणारा तो पिटातला प्रेक्षक. कोल्हापूरचे पॅलेस थिएटर १९१५ साली उभे राहिले. पुढे त्यास केशवराव भोसले यांचे नाव मिळाले, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत त्याची राख झाली. अशा नाट्यगृहांतून ‘वन्स मोअर’चा पुकारा उठे तो बहुधा पिटातून. शिष्ट मंडळींनी पिटाला नावे ठेवली; पण नटाला पद पुन्हा गावयास लावण्याची ताकद पिटातच होती. हा ‘पिट’ शब्द ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

३० ऑक्टोबर २०११. बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर ‘मेटॅलिका’ या मंडळीचा कार्यक्रम होता. बेळगावचा एक जुना शिष्य मला ओढून घेऊन गेला. रात्रभर बसचा प्रवास, आणि बसमध्ये निम्मी पोरे काळ्या सदऱ्यातली. मराठी आणि कानडी यांची सरमिसळ, जशी आपल्या सीमेवरच्या कोणत्याही बसमध्ये असते. मनात धास्ती होती. दोनच दिवस आधी गुडगावात स्टेजपुढचे बॅरिकेड मोडल्याने त्यांचाच कार्यक्रम होऊ शकला नव्हता, आणि खवळलेल्या लोकांनी स्टेजची मोडतोड केली होती.

मैदानावर ना सतरंजी ना लोड. सारा समुदाय उभा. पण नीट पाहिल्यावर ध्यानात आले की येथेही बैठकीचे नकाशे आहेत. अगदी पुढे बॅरिकेडला बिलगलेले. ते दुपारपासून पाणीही बेताने पिऊन जागा राखून उभे. त्यांच्यामागे ते दांडगे, ज्यांना धक्काबुक्कीवाचून गाणे चढत नाही. मागे डोळे मिटून मान हलविणारे, आणि सर्वांत मागे खाणेपिणे आणि गप्पा. आपल्या रात्रभराच्या मैफलीतसुद्धा असेच तर असते! पहिल्या रांगेत ‘क्या बात है’, मधे हातावर ताल धरणारे आणि दाराशी चहावाले.

त्या दांडग्यांच्या घोळक्याला ‘मॉश पिट’ म्हणतात. तो पिट पुन्हा भेटला! गाणे चढले की मध्ये एक रिंगण मोकळे होते आणि पोरे एकमेकांवर आदळू लागतात. पाहणाऱ्यास ती मारामारीच वाटावी. पण माझ्या समोर एक पोरगा घसरून पडला आणि क्षणात चार-पाच हातांनी त्याला काखेत धरून उभे केले. कोणाचा चष्मा पडला, तो एकाने हात उंच करून धरला. ‘पडला त्याला आधी उचला’ हा तेथला पहिला नियम. तो कोठे लिहिलेला नाही, पण सर्वांस पाठ. पुढे वाचनात आले की अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा घोळक्यांची चित्रफितींवरून तपासणी करून २०१३ साली निबंध प्रसिद्ध केला. आदळणाऱ्या माणसांची गती त्यांना वायूच्या कणांसारखी आढळली. आणि पोरे गोल धावू लागली की बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्यांच्या उलट धावतात, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याही उलट!

माझी स्वतःची फजिती मात्र पिटात झाली नाही, बॅरिकेडपाशी झाली. हौसेने मी पुढे सरकलो होतो. तेथे कोणी उड्या मारत नव्हते, कोणी ढकलत आहे असेही दिसत नव्हते. पण मागून दाब येई, छाती आवळे आणि पाय आपले आपल्याला हलविता येत नसत. गाणे तर ऐकूच आले नाही, नुसता ढोलाचा दणका पोटात बसत होता. दोन गाण्यांच्या मधल्या उसंतीत शिष्याने मला तिरके तिरके मागे काढले, ते थेट साउंडवाल्याच्या चौथऱ्यापर्यंत. तेथे उभा राहिलो आणि काय आश्चर्य, चारही वाद्ये वेगवेगळी ऐकू येऊ लागली! साऱ्या मैदानाचा आवाज तो मनुष्य तेथे बसून आपल्या कानाने जुळवितो; मग ती जागा कानाची असणारच. मला वडिलांचा खांब आठवला.

आता त्या माउलीच्या भीतीकडे वळू. ती भीती खोटी नाही. फक्त तिचा रोख चुकला आहे. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेत सिनसिनाटी येथे ‘द हू’ यांच्या कार्यक्रमापूर्वी ११ जण मृत्यू पावले, तेही आत नव्हे, दाराबाहेर. तिकिटांवर जागेचा क्रमांक नव्हता, जो आधी घुसेल त्याची जागा पुढे; आणि उघडलेली दारे थोडी. २० ऑगस्ट १९८८ रोजी इंग्लंडात डॉनिंग्टन येथे दोघे गेले. त्या वेळी स्टेजवर हेच गन्स एन’ रोझेस होते. ३० जून २००० रोजी डेन्मार्कमध्ये रॉस्किल्ड येथे ९, आणि ५ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेत ह्यूस्टन येथे १० बळी गेले. ह्यूस्टनचे गाणे तर रॉक नव्हते, रॅप होते. म्हणजे दोष रागाचा नाही.

चौरस मीटरमागे चार माणसे असली तर मनुष्य आपल्या पायावर असतो. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. लाट कोठून आली ते कोणासही कळत नाही, आणि माणसे तुडविली जाऊन नव्हे तर उभ्या उभ्याच श्वास कोंडून दगावतात. पुढच्याचा जीव कासावीस झाला आहे हे मागच्याला दिसत नाही. अशा वेळी ‘लोक बेशिस्त’ असे म्हणून हात झटकणे सोपे. पण किती तिकिटे विकावी, दारे किती ठेवावी, मैदानाचे भाग कसे पाडावे, हे लोक ठरवीत नसतात. रॉस्किल्डच्या मंडळींनी त्या दुर्घटनेनंतर स्टेजपुढे वेगळे कप्पे पाडून तेथे मोजकीच माणसे सोडण्यास आरंभ केला.

आपल्याकडे ही दृष्टी नव्हती असे नाही. कोल्हापूरचे खासबाग मैदान पाहा. शाहू महाराजांनी १९१२ साली ते सिद्ध केले. मधे आखाडा आणि भोवती चढत गेलेली उतरण, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. दिसते म्हणून तो पुढे रेटत नाही! गंमत अशी की मेटॅलिकाने २०२३ पासूनच्या दौऱ्यात स्टेडियमच्या मधोमध कड्यासारखे गोल स्टेज मांडले आणि प्रेक्षक चहूबाजूंनी उभे केले. आखाड्याचीच युक्ती.

तर त्या माउलीला मी म्हटले, “ताई, जाऊ दे त्याला. पण कसे उभे राहावे, हे मी शिकवून धाडतो.” आणि तालमीच्या वेळातला अर्धा तास त्यासाठी दिला. आत जाताच बाहेर पडण्याच्या दोन वाटा पाहून ठेवायच्या. गर्दी दाटली तर हात छातीपुढे धरायचे. लाटेशी झुंजायचे नाही. ती ओसरली की तिरके मागे यायचे. काही पडले तर वाकायचे नाही, पण माणूस पडला तर सोडायचा नाही. कानांत बोळे घालायचे, कारण कान हे आपले भांडवल. आणि गाणे खरोखर ऐकावयाचे असेल तर साउंडवाल्याशेजारी उभे राहायचे.

पुढच्या रविवारी स्वारी वेळेवर हजर झाली. आवाज बसलेला, चेहरा उजळलेला.

“कोठे उभा होतास?” मी विचारले.

“आधी पुढं गेलो, सर. मग दाटायला लागलं तसा मागं आलो. मिक्सरपाशी. तितनं ढोलवाल्याचा डावा पाय पन ऐकू येत हुता.”

मी काही बोललो नाही. तबला पुढे सरकविला आणि त्यास विलंबित एकताल धरावयास सांगितला. त्या दिवशी त्याने समेवर येण्यापूर्वी किंचित थांबून एक जागा अशी घेतली, की वडील असते तर खांबाआडून त्यांनी खचित दाद दिली असती.