नोकरी सांभाळून विशेष शिक्षक : दूरस्थ बी.एड.चा परिचय

दिव्यांग मुलांना शिकवण्याची अधिकृत पात्रता नुसत्या बी.एड.ने मिळत नाही. त्यासाठी विशेष शिक्षणाचे डी.एड. किंवा बी.एड. करावे लागते, आणि त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे सगळे जिला ‘आरसीआय’ म्हणतात तिची, मान्यता असावी लागते. १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झालेल्या या परिषदेला १९९२ च्या कायद्याने अधिकार दिले आणि २२ जून १९९३ पासून ती वैधानिक संस्था झाली. अभ्यासक्रम पुरा केलेल्या शिक्षकाचे नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत चढते व त्याला सीआरआर क्रमांक मिळतो. या नोंदणीशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी ठरावीक मुदतीची असते. नूतनीकरणासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळा व प्रशिक्षणे करून गुण जमवावे लागतात.

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यातल्या शिक्षकांसमोर खरी अडचण अंतराची होती. विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण मोठ्या शहरांत वाढले. कर्णबधिरांच्या शिक्षणासाठी मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली, मतिमंद मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था पुढच्याच वर्षी सिकंदराबादला झाली, दृष्टिहीनांची संस्था तर डेहराडूनला. जिल्हा परिषदेच्या शाळेवरची, घरी दोन मुले आणि सासूबाई असलेली शिक्षिका बिनपगारी रजा टाकून दोन वर्षे शहरात राहणार नाही. आणि तिच्या वर्गातले ऐकू न येणारे मूल तेवढी वर्षे थांबू शकत नाही.

यावर तोडगा म्हणून पुनर्वास परिषदेने मुक्त विद्यापीठांशी करार केले. भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठामार्फत सेवेतल्या शिक्षकांसाठी ९० दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवला गेला. सर्वसाधारण बी.एड. झालेल्यांना विशेष शिक्षणाची जोड देणारा व्यावसायिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम ‘इग्नू’ने आखला. पुढे दूरस्थ बी.एड. (विशेष शिक्षण) ही पूर्ण पदवीही आली. महाराष्ट्रात ही वाट नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले, ते यशवंतराव सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात जन्मले आणि कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले. त्यामुळे कराडकरांना हे विद्यापीठ परके वाटत नाही. त्याचे एक विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे.

दूरस्थ बी.एड. अडीच वर्षांचे, पाच सत्रांचे असते. पूर्णवेळ पदवीपेक्षा एक सत्र जास्त. विद्यापीठाची स्वयंअध्ययन पुस्तके घरी वाचायची, स्वाध्याय लिहून द्यायचे, अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रांना हजर राहायचे आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. ही पदवी निव्वळ मोबाइलच्या पडद्यावर पुरी होत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रवेश घेतानाच श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता यांपैकी एक विशेषता निवडावी लागते. अभ्यासक्रमाचा गाभा सर्वसाधारण बी.एड.सारखाच : बालविकास, अध्यापनपद्धती, मूल्यमापन. त्यावर सर्व प्रकारच्या अपंगत्वाची ओळख येते, मग स्वतःच्या विशेषतेचा सखोल अभ्यास आणि शेवटी प्रत्यक्ष काम.

हे प्रत्यक्ष काम काय असते, ते श्रवणदोषाच्या विशेषतेत लगेच दिसते. शाळा भरताच शिक्षिका मुलाच्या श्रवणयंत्राची बॅटरी आणि कानातला साचा तपासते. मग कागदाआड तोंड लपवून एकेक ध्वनी उच्चारते : आ, ई, ऊ, श, स, म. मुलाने ऐकलेला ध्वनी परत म्हणायचा, किंवा ऐकू आल्यावर डब्यात एक मणी टाकायचा. कॅनडातल्या डॅनियल लिंग यांनी रूढ केलेल्या या चाचणीत बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे ध्वनी तपासले जातात. ‘म’ ऐकू येतो आणि ‘स’ येत नाही, एवढे कळले तरी त्या दिवशी कुठे बसवायचे आणि कोणत्या शब्दांवर लक्ष ठेवायचे, ते ठरते. तोंड झाकताना आवाज दबू द्यायचा नाही, दोन ध्वनींमधले अंतर सारखे ठेवायचे नाही, नाहीतर मूल अंदाजाने मणी टाकते. हे पुस्तकात वाचून समजते, पण हाताला वळण लागायला समोर मूल आणि शेजारी जाणती शिक्षिका लागते.

दृष्टिदोषाच्या विशेषतेत ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायला शिकावे लागते, कारण ठिपके कागदाच्या पाठीमागून उमटतात आणि कागद उलटल्यावर बोटांना डावीकडून उजवीकडे वाचता येतात. बौद्धिक अक्षमतेत शर्टाचे बटण लावण्यासारखी कृती बारीक पायऱ्यांत मोडतात. बाकी सगळ्या पायऱ्या शिक्षिका करते, मूल फक्त शेवटी बटण ओढून घेते. तो जमला की त्याआधीची पायरी. प्रत्येक मुलाची वैयक्तिक शैक्षणिक योजना लिहायची असते आणि तिच्यात ‘सुधारणा होईल’ असे मोघम वाक्य चालत नाही. कोणती कृती, किती मदतीने, कोणत्या महिन्यापर्यंत, हे लिहावे लागते.

दूरस्थ पद्धतीची कसोटी इथेच लागते. सराव पाठ, प्रकरण अभ्यास आणि विशेष शाळेतले काम यांवर देखरेख कोण करते, यावर पदवीचा कस ठरतो. मार्गदर्शकाने पाठ खरोखर पाहिला नाही, तर नोंदवही देखणी होते आणि शिक्षिका कच्ची राहते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. दूरस्थ शिकणारी शिक्षिका रोज वर्गात असल्याने रविवारच्या संपर्कसत्रात शिकलेले सोमवारी करून बघते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला ही सोय नसते.

पदवीखेरीज छोटी ऑनलाइन प्रशिक्षणेही आहेत. ‘निष्ठा’ हा शिक्षकप्रशिक्षणाचा कार्यक्रम २०२० मध्ये ‘दीक्षा’ मंचावर आला आणि त्यात समावेशित शिक्षणाचा भाग आहे. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ अ‍ॅपमधली प्रश्नावली भरून वर्गशिक्षक अपंगत्वाची शक्यता नोंदवू शकतो. ती प्राथमिक चाळणी असते. निदान डॉक्टर व तज्ज्ञच करतात. या प्रशिक्षणांतून सीआरआर क्रमांक मिळत नाही, मात्र मूल लवकर लक्षात येते.

विशेष शिक्षकांची मागणी कायद्याने वाढवली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढे १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सांगितले. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे हे काम ‘समग्र शिक्षा’तले कंत्राटी विशेष शिक्षक करत आले. गटसाधन केंद्रावरून ते अनेक शाळांत फिरतात आणि ज्या मुलाला घराबाहेर पडता येत नाही, त्याच्या घरीही जातात. पाटणच्या डोंगरी वाड्यांत एका भेटीतच दिवस जातो. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रशाळांच्या स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. केंद्रशाळेला दहा-बारा शाळा जोडलेल्या असल्याने तेवढ्यानेही प्रत्येक शाळेत विशेष शिक्षक येत नाही. म्हणूनच राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधली सूचना महत्त्वाची ठरते. सर्वसाधारण विषयशिक्षकांनी विशेष शिक्षण ही दुय्यम विशेषता म्हणून घ्यावी आणि त्यासाठीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्णवेळ, अर्धवेळ किंवा मिश्र पद्धतीने चालावेत, असे धोरण सांगते.

प्रवेश घेणाऱ्याने तीन गोष्टी आधी पाहाव्यात. त्या सत्रासाठी, त्या विशेषतेसाठी विद्यापीठाचे नाव पुनर्वास परिषदेच्या मान्य यादीत आहे का. मान्यता कायमची नसते आणि विशेषतेनुसार वेगळी असते. अभ्यासकेंद्र आपल्या गावाहून सुटीच्या दिवशी जाऊन-येऊन करता येण्याजोगे आहे का. आणि निवडलेल्या विशेषतेची मुले सरावासाठी जवळपासच्या कोणत्या शाळेत भेटतील. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर विशेषता बदलावी किंवा वर्षभर थांबावे.